उष्टं यंत्र

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या तालुक्याला हृदयरोग तपासणीचं शिबिर झालं. शेवटी प्रश्नोत्तरं चालू असताना एक निवृत्त डॉक्टर सहज बोलून गेले की मयताच्या छातीतून काढलेले पेसमेकर आणि आयसीडी (ठोके बिघडले की हृदयाला आतून शॉक देणारं यंत्र) लोक कपाटात ठेवून देतात, नाहीतर खाडीत सोडतात; त्यापेक्षा ते जमा केले, तपासून निर्जंतुक केले, तर ज्यांना विकत घेणं झेपत नाही त्यांना बसवता येतील. मागच्या रांगेतून एक जण उठला आणि म्हणाला, ‘‘म्हंजे गरिबान आता उष्टाच खावचा?’’ टाळ्या पडल्या, डॉक्टर ओशाळले, शिबिर संपलं. वाद मात्र एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात आणि आमच्या साप्ताहिकाच्या पत्रव्यवहारात दोन महिने चालला. एका बाजूला ‘उष्टं’ हा शब्द, दुसऱ्या बाजूला ‘दान’ आणि ‘पुण्य’. हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत आणि त्यांच्यामुळे मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही, असं माझं मत आहे. मी बाजू घेतो ती अशी: ही यंत्रं पुन्हा वापरावीत, पण गुपचूप नाही आणि कुणाच्या कृपेवरही नाही. कायद्याने, नोंदवहीत नंबर चढवून आणि रुग्णाला स्पष्ट सांगून वापरावीत.

माझं कणकवलीत औषधाचं दुकान आहे, तेव्हा हृदयाच्या गोळ्या मी रोज मोजतो. पण या प्रश्नात मी पडलो तो मामामुळे. देवगडच्या खाडीकाठी त्याची कलमं. पहिला अ‍ॅटॅक आला तेव्हा घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत हृदयाचा बराच भाग मेलेला. पुढे इकोमध्ये पंपिंग पंचवीस टक्के निघालं. धडधाकट माणसाचं पंचावन्नच्या पुढे असतं. तीन महिने गोळ्या घेऊनही ते वर सरकेना, तेव्हा डॉक्टरांनी आयसीडी सुचवला. मामाने दोन वर्षांचा आंबा व्यापाऱ्याला आधीच लावून दिला आणि यंत्र बसवलं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी टायटॅनियमची डबी. तिथून शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात गेलेली तार. दोन वर्षांनी मामा गेला तो न्यूमोनियाने. सरणावर बॅटरी फुटते म्हणून डबी आधी काढावी लागते. गावचे डॉक्टर आले, त्यांनी आधी छातीवर गोल चुंबक ठेवलं, कारण चालू आयसीडीची तार कापली तर त्याला वाटतं हृदय बिघडलं, आणि तो कापणाऱ्यालाच शॉक देतो. चुंबक ठेवल्याबरोबर मामाच्या छातीतून एक बारीक, एकसुरी आवाज आला. खोलीत आम्ही चौघे होतो, कुणी कुणाकडे बघितलं नाही. शेवटच्या तपासणीच्या कागदावर बॅटरी अजून सात वर्षं चालेल असं छापलेलं होतं.

ती डबी मामीने देवघराखालच्या खणात ठेवली. मी म्हटलं, टाकून देऊया. ती म्हणाली, ‘‘टाकूक हात धजणा नाय रे. दोन वर्सां तेंका ह्येनीच सांभाळल्यान.’’ नियमाने बघायला गेलं तर शरीरातून निघालेलं धातूचं यंत्र हा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे निळ्या डब्यातला कचरा. आणि जिथे डॉक्टर वेळेवर मिळत नाही तिथे तिसऱ्या दिवशी राख सावडताना वेडीवाकडी झालेली डबी हाताला लागते. टायटॅनियम वितळायला साडेसोळाशे अंशांच्या वर उष्णता लागते. आंब्याच्या लाकडाची तेवढी ताकद नाही.

आता हे यंत्र करतं काय, ते नीट समजल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही. अ‍ॅटॅकने हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो. त्या व्रणाभोवती विजेचा प्रवाह गोल गोल फिरू लागला की खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही, माणूस काही सेकंदांत कोसळतो. शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांत खेळ आटोपला. मोठ्या शहरात निदान विमानतळावर, मॉलमध्ये शॉक देणारी पेटी भिंतीला असते. आमच्याकडे वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच दहा मिनिटं जातात, पावसात साकव पाण्याखाली असेल तर तेवढ्यातही होत नाही. पुढे ग्रामीण रुग्णालय, पुढे घाट चढून कोल्हापूर, किंवा सरळ गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज. मुंबई-गोवा हायवेचं काम चालू झाल्याला दशक उलटून गेलं, तो एक वेगळाच लेख होईल. मुद्दा असा की छातीत बसलेला आयसीडी दहा-वीस सेकंदांत ओळखतो आणि मारतो. ज्या प्रदेशात मदत पोचत नाही त्याच प्रदेशाला या यंत्राची गरज जास्त, आणि नेमकं तिथेच ते परवडत नाही.

परवडत नाही त्यांना मिळतं काय? माझ्या दुकानातून अमायोडॅरोन, हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवायची गोळी. मालवण धक्क्यावरचा एक खलाशी, पंचेचाळिशीचा, दोन वर्षं माझ्याकडून तीच गोळी नेत होता. आयसीडीचा खर्च ऐकून तो परत कोल्हापूरला गेला नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पंपिंग कमी असलेल्या अडीच हजार रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला आयसीडी, एकाला अमायोडॅरोन, एकाला औषधच नसलेली साखरेची गोळी. आयसीडीने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले. अमायोडॅरोनने साखरेच्या गोळीपेक्षा जास्त कुणाला जगवलं नाही. मी गोळी विकतो आणि हे मला माहीत आहे. तो खलाशी मागच्या नारळी पौर्णिमेच्या आधी जाळी शिवता शिवता गेला. मामाची डबी तेव्हा खणात होती. ती त्याला बसली असती तर तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. त्याच्या मृत्यूचं कारण कुणी तपासलेलं नाही. मी इतकंच म्हणतो की त्याच्यासमोर ‘नवं की जुनं’ असा पर्याय कधीच नव्हता.

आता विरोधकांचे मुद्दे. ते हलके नाहीत, आणि दानवाल्यांनी ते हलके समजले ही त्यांची चूक. पहिला जंतुसंसर्गाचा. दुसऱ्याच्या रक्तामांसात राहून आलेली वस्तू, तिला उकळता येत नाही कारण आत बॅटरी. मग शुद्ध कशी करणार? घासून, रसायनात स्वच्छ करून, इथिलीन ऑक्साइड वायूने. तार पुन्हा वापरत नाहीत, ती नवीच लागते. पुन्हा वापरायची ती फक्त डबी. याचा हिशेब कागदावर आहे. अमेरिकेत काढलेले आयसीडी मुंबईत ८१ रुग्णांना बसवले, त्याचा अहवाल २०१२ साली आला: संसर्ग एकालाही नाही, आणि निम्म्याहून अधिक जणांच्या यंत्राने खरोखरच्या धोक्याच्या वेळी काम केलं. २०२० साली कॅनडातून लॅटिन अमेरिकेत पाठवलेल्या यंत्रांचा त्याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक हजार एक्कावन्न रुग्ण. दोन वर्षांत संसर्ग २ टक्क्यांना, नवी यंत्रं बसवलेल्या कॅनडातल्या रुग्णांत १.२ टक्क्यांना. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्र सांगतं. समजा संख्याशास्त्रावर विश्वास नाही ठेवला आणि हा फरक खरा मानला, तरी शंभरात एकाला जास्तीचा संसर्ग एका बाजूला आणि छातीत काहीच नसणं दुसऱ्या बाजूला. तुम्ही कुठलं घ्याल? आणि हे फक्त गरीब देशांचं काम आहे असंही नाही. ज्या स्वीडनमध्ये १९५८ साली जगातला पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसला, त्या श्रीमंत स्वीडनमध्येही पेसमेकर पुन्हा वापरले गेले, आणि ते नव्याइतकेच सुरक्षित असल्याचा अभ्यास १९९८ साली तिथूनच आला.

दुसरा मुद्दा खरा टोचणारा: श्रीमंताला नवं, गरिबाला वापरलेलं, हा दुजाभाव नाही का? ‘उष्टं’ हा शब्द त्याच जखमेतून आलेला आहे आणि कोकणात ती जखम जुनी आहे. कुणाच्या पंक्तीला कोण बसलं, कुणाच्या पत्रावळीतलं कुणी उचललं, हे ज्यांच्या आजी-आजोबांनी भोगलंय त्यांना हा शब्द सुचणारच. त्यांना ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांची पत्रं मी वाचली, मला त्यांची लाज वाटली. तरीही उपमा चुकते. उष्टं अन्न खाल्ल्याने खाणाऱ्याचा मान जातो, कारण ताजं अन्न शेजारीच असतं आणि ते त्याला मुद्दाम दिलं जात नाही. इथे शेजारी काय आहे? अमायोडॅरोनची स्ट्रिप. शिवाय जे यंत्र गरिबाला ‘चालेल’ म्हणायचं आणि पैसेवाल्याला दाखवायचंही नाही, ते मलाही मान्य नाही. नियम केलाच तर तो सगळ्यांना सारखा करा: ज्याची बॅटरी आणि तपासणी निकषात बसते ते यंत्र, ज्याची पाळी आहे त्याला; आणि ते पैसेवाल्यालाही मागता आलं पाहिजे. नेत्रदानात डोळा कुणाचा होता हे बघून कुणी नाक मुरडत नाही. आणि माणसाच्या बुबुळापेक्षा टायटॅनियमची डबी जास्त ‘दुसऱ्याची’ कशी?

इतिहासात याहून जवळचं उदाहरण आहे, आणि ते मुंबईचं आहे. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. फ्रीज नव्हता, बाटल्या नव्हत्या. तिच्या दंडावर जी फोडी आली तिच्यातला द्रव काढून पुढच्या मुलांना टोचला, त्यांच्या दंडावरून त्याच्या पुढच्यांना. लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला गेली ती अशी दंडादंडावरून. कुणाच्या मुलाचा द्रव कुणाच्या मुलाला, यावरून लोकांनी तेव्हाही हात आखडला. विरोध करणाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दानवाले ती सांगत नाहीत. दंडावरून दंडावर टोचताना काही ठिकाणी उपदंशासारखे रोग पसरले, आणि पुढे वासराच्या अंगावर तयार केलेली लस आल्यावर ही पद्धत बंद झाली. यातून काय घ्यायचं? ‘फेरवापर नको’ हे नाही, कारण त्या मधल्या काळात देवीने मेली नाहीत ती मुलं खरी होती. घ्यायचं ते हे की चांगली पद्धत येईपर्यंत आहे ती वापरायची, पण कुणाच्या दंडातून कुणाला काय गेलं ते लिहून ठेवायचं.

तिसरा मुद्दा सरकारी. फेरवापराला परवानगी दिली की सरकार हात झटकून मोकळं होईल. किंमत उतरवायची जबाबदारी मयतांच्या नातेवाइकांवर. हा मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. स्टेंटच्या किमती २०१७ च्या फेब्रुवारीत बांधल्या गेल्या, औषध लावलेला स्टेंट एका दिवसात २९,६०० रुपयांवर आला. एवढे दिवस लोक किती देत होते ते ज्यांनी बिलं भरली त्यांना विचारा. आयसीडीच्या बाबतीत तसं घडलेलं नाही, आणि घडायला हवं. पण जोवर घडत नाही तोवर खणातली डबी खणातच ठेवल्याने सरकारवर दबाव येतो, असं कुणी दाखवून द्यावं. मला तर उलट वाटतं. फुकटात पुरवता येणारं चालू यंत्र सरकारी रुग्णालयात दिसायला लागलं की नव्याच्या किमतीबद्दल प्रश्न विचारायला लोकांना तोंड फुटेल. यावर कुणी म्हणतं, अर्धवट उपाय नकोत, करायचं तर नीट करा. आयसीडीचा सगळा इतिहासच अर्धवट उपायाचा आहे. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरचे गुरू १९६६ साली अशाच थरथरीने गेले. तेव्हापासून शॉक देणारी पेटी छातीत मावेल एवढी लहान करायच्या मागे तो लागला. १९७२ साली बर्नार्ड लाउन यांच्यासारख्या दिग्गजाने लिहिलं की हे अपुरं उत्तर आहे आणि ते आपला प्रश्न शोधत फिरतंय. लाउन म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. आजचा बाहेरून दिला जाणारा डीसी शॉक ही त्यांचीच देणगी. मिरोव्स्कीचं पहिलं यंत्र फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात माणसाला बसलं. ते इतकं मोठं होतं की पोटात ठेवावं लागे आणि छाती उघडावी लागे. अपुरंच होतं ते.

काळाबाजाराची भीती मी थोडक्यात निकालात काढतो. जिथे रोकड आहे तिथे दलाल येणार, स्मशानात डोम-डॉक्टर साटंलोटं होणार, हे खरं. पण मूत्रपिंडाचा बाजार मांडला होता तेव्हा आपण प्रत्यारोपण बंद केलं का? १९९४ साली कायदा केला, आज मुंबईत झेडटीसीसी ही अवयव प्रत्यारोपणाचा समन्वय करणारी संस्था प्रतीक्षायादी सांभाळते, विक्री गुन्हा आहे. उलट आजच अंधार जास्त आहे. एकदाच वापरायचे कॅथेटर, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत घालायच्या नळ्या, कितीतरी कॅथलॅबमध्ये पुन्हा पुन्हा वापरले जातात, हे या धंद्यात कुणाला ठाऊक नाही? रुग्णाला ते सांगितलं जात नाही आणि बिलात सूटही दिसत नाही. उघड फेरवापराला विरोध आणि झाकल्या फेरवापराला मूक संमती, ही आपली आजची नीती.

यंत्र बिघडलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न मात्र थोडक्यात सुटत नाही. नवंही बिघडतं, २००७ साली मेडट्रॉनिक कंपनीला आपल्या स्प्रिंट फिडेलिस नावाच्या तारा बाजारातून मागे घ्याव्या लागल्या, कारण त्या आत तुटत होत्या, आणि तुटकी तार असलेलं यंत्र चांगल्या हृदयाला शॉकवर शॉक मारत सुटे. पण तेव्हा कंपनीकडे नंबर होते, कुठली तार कुणाच्या छातीत आहे ते शोधता आलं. आयसीडी दुसऱ्या माणसात गेला की ही साखळी तुटते. कंपनी म्हणते, डब्यावर ‘एकदाच वापरा’ लिहिलंय, आमचा संबंध संपला. हा आक्षेप मी मान्य करतो आणि म्हणूनच म्हणतो की खाजगी दवाखान्यांनी, चांगल्या मनाच्या मंडळांनी, रोटरीच्या शिबिरांनी हे आपापलं करू नये. राज्यात एकच नोंदवही हवी, प्रत्येक डबीचा नंबर तिच्यात, पहिल्या रुग्णाची माहिती पुसलेली, दुसऱ्याची भरलेली, आणि परत बोलावण्याची सूचना आली तर चोवीस तासांत गावच्या आरोग्यसेविकेपर्यंत पोचेल अशी सोय.

आणि मयताच्या घरून डबी आली म्हणजे ती कुणाला तरी बसलीच पाहिजे, हा उत्साहही आवरायला हवा. २०१६ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात, ज्यांच्या हृदयाची दुर्बलता रक्तवाहिन्या बंद पडून आलेली नव्हती अशा रुग्णांत आयसीडीने एकूण मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. अ‍ॅटॅकनंतर चाळीस दिवस थांबावं लागतं, गोळ्यांना तीन महिने द्यावे लागतात. ज्याने स्वस्तातल्या चार गोळ्याच नियमाने घेतल्या नाहीत त्याला फुकटचं यंत्र बसवणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून खाली पातेलं लावणं. शॉक बसला की घोड्याने लाथ मारल्यासारखं होतं, असं रुग्ण सांगतात. मरणाच्या दारात असलेल्या म्हाताऱ्याला तो पुन्हा पुन्हा बसू नये म्हणून यंत्र वेळेवर बंद करायचं असतं, हेही इथे किती घरांना सांगितलं जातं? जमा होणाऱ्या डब्यांतल्या बहुतेक बॅटरी उतरलेल्या म्हणून बाद होतील, हेही मला ठाऊक आहे. दहा आल्या आणि दोन कामाच्या निघाल्या तरी मी त्याला हिशेब म्हणेन.

आपल्याकडे जुनं घर मोडतात तेव्हा चिरे कुणी खाडीत टाकत नाही. सागवानी खांब, वासे, मंगळुरी कौलं निवडून काढतात, एकेक चिरा ठोकून बघतात; जो वाजतो तो नव्या घराच्या जोत्याला लावतात, जो भुसभुशीत तो बांधाला. कुणाच्या आजोबांच्या घराचा चिरा आपल्या भिंतीत आहे म्हणून कुणाचं घर उष्टं होत नाही. ठोकून बघणारा गवंडी मात्र जाणता लागतो.

मागच्या आठवड्यात मामीकडे गेलो होतो. सकाळी नऊच्या सुमारास देवघराखालून तोच बारीक सूर आला. तार नाही म्हणून यंत्र आपल्या भाषेत तक्रार करतं, ठरलेल्या वेळी, रोज. मामीला त्याची सवय झालेली, तिने भांडं घासायचं थांबवलंसुद्धा नाही. मी विचारलं, उद्या सरकारने मागितली तर डबी देशील का? ती पाठमोरीच म्हणाली, ‘‘देवचा आसात तर बेगीन दी. हय नुसता वाजान वाजान संपान जातला.’’